अजीजियातल्या चित्रातला शिपाई

जेद्दाला मी गेले ती नुसती लोळायला. धाकटी बहीण नीलिमा तिथल्या एका खासगी इस्पितळात डोळ्यांची डॉक्टर आहे. अकरा वर्षं ती "ताई, ये ना" म्हणत होती आणि अकरा वर्षं मी कामाची सबब सांगत होते. काम म्हणजे जुनी तैलचित्रं दुरुस्त करणं. कोल्हापुरात राहून हे काम केलं की आयुष्य संस्थानिकांच्या तसबिरींत जातं. फेटे, मिशा, तलवारीच्या मुठी आणि या सगळ्यांवर बसलेली उदबत्तीची काजळी. यंदा गुडघ्यांनी संप पुकारला, डॉक्टर म्हणाले महिनाभर शिडीवर चढू नका, आणि नीलूने ती संधी साधून व्हिसाची कागदपत्रं करून टाकली.

पहिले दोन दिवस मी खरोखरच लोळले. सकाळी फूल नावाची, वालासारख्या बाकल्याच्या दाण्यांची उसळ आणि तमीस नावाची परातीएवढी रोटी खायची, संध्याकाळी तांबड्या समुद्राच्या काठाने सावकाश चालायचं. समुद्र तांबडा नाहीच, हे तिथे जाणारा प्रत्येकजण लिहितो, म्हणून मी त्याबद्दल लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना नीलूने तिच्या एका पेशंटची गंमत सांगितली आणि माझी सुट्टी तिथेच संपली.

जुबेदाखाला म्हणून एक म्हातारी, दाभोळच्या खाडीकाठच्या गावातली, अजीजिया भागात मुलाकडे राहते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नीलूने एकेक करून दोन्ही काढले. पट्टी सोडून घरी गेल्यावर खालांनी सगळं घर नव्याने पाहिलं. सुनेचे पांढरे केस पाहिले, पंख्यावरची धूळ पाहिली, आणि मग बैठकीच्या खोलीत तीन वर्षं टांगलेलं एक मोठं चित्र पाहिलं. त्या चित्रात एक शिपाई आहे, तो माझ्याकडे बघतो, हे चित्र घरातून काढा, असा त्यांनी हट्ट धरला. जेवण सोडलं. मुलगा बिचारा तपासणीला आला तेव्हा नीलूलाच विचारत होता की डॉक्टर, ऑपरेशननंतर असं होतं का.

"कसलं चित्र?" मी विचारलं.

नीलूने मोबाइल पुढे केला. मुलाने तिला फोटो पाठवला होता. मी चष्मा लावला, फोटो मोठा केला, आणि हातातला घास ताटात ठेवला.

डावीकडे झाडाखाली एक म्हातारा टोपली विणत बसलेला. त्याच्याभोवती तीन मुलं, एकाच्या हातात पावा. मागे मेंढ्या. उजवीकडे पोलादी चिलखत घातलेला एक शिपाई, छोटी काळी दाढी, एक हात पुढे केलेला. आणि या सगळ्यावर, मळलेल्या वार्निशच्या पिवळ्या पडद्यातूनही, तो गुलाबी, तो फिका निळा, तो चंदेरी हिरवा. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये आणि इटलीत ज्यांनी रोकोको शैलीत रंगवलं त्यांचे रंग. असलं चित्र मी आयुष्यात हात लावायच्या अंतरावरून पाहिलं नव्हतं. कॉलेजात चित्रकलेच्या इतिहासाच्या तासाला भिंतीवर पडणाऱ्या विटक्या रंगीत स्लाइडी, तेवढीच माझी रोकोको.

"नीलू, मला यांच्याकडे घेऊन चल. आज."

"ताई, पेशंटच्या घरी असं कसं जायचं?"

"डोळे तपासायला जा. मी सोबत येते."

अजीजिया

अजीजियात उतरल्यावर पहिल्यांदा कानांना घरी आल्यासारखं वाटतं. उर्दू, हिंदी, मल्याळम, मधूनच कोकणी. हमीदभाईंच्या दारात चपला काढल्या तर आतून नारळाच्या वाटणाचा वास. हमीदभाई पन्नाशीचे, बलदमध्ये त्यांचं जुन्या सामानाचं दुकान. हॉटेलं आणि बंगले मोडीत निघतात तेव्हा गालिचे, आरसे, झुंबरं एकगठ्ठा विकत घ्यायची आणि सुटी विकायची. तसल्याच एका गठ्ठ्यात हे चित्र आलं. चांगलं मोठं, म्हणून घरी लावलं. त्याहून जास्त त्यांना काही माहीत नव्हतं.

त्यांची बायको नसरीन हिने जेवल्याशिवाय चित्राकडे जाऊच दिलं नाही. नाजिल नावाचा इथला लाल मासा आणि त्याचं कालवण मात्र पूर्ण आपलं, नारळाच्या रसातलं, सोबत तांदळाची भाकरी. जेवताना माझी मान सारखी बैठकीकडे वळत होती. शेवटी हात धुऊन मी चित्रासमोर उभी राहिले.

पाच फूट रुंद, साडेतीन फूट उंच. मागून पाहिलं: हाताने विणलेला जुना कॅनव्हास, खिळे हातोडीने घडवलेले. सही कुठेच नव्हती. पण म्हाताऱ्याचे हात पाहिले आणि मी आणखी जवळ वाकले. दोन-तीन फटकाऱ्यांत एक बोट, आणि त्या बोटात वेताची ओलसर काडी खरोखर वाकत होती. हे कोणा शिकाऊ माणसाचं काम नव्हे.

प्रसंगही मी ओळखला. इटलीतल्या एका जुन्या महाकाव्यातला. शाम देशातली, म्हणजे सीरियातली, एक राजकन्या वेढा पडलेल्या शहरात अडकलेली असते. वेढा घालणाऱ्या शत्रूच्या सैन्यातल्या एका वीरावर तिचं मन जडलेलं. तो जखमी झाल्याचं ऐकून ती एका लढवय्या मैत्रिणीचं चिलखत घालून, आपण तीच असल्याचं भासवून शहराबाहेर पडते. पहारेकरी मागे लागतात, घोडा उधळतो, आणि ती एका नदीकाठी धनगरांच्या वस्तीवर पोचते. चिलखत पाहून मुलं घाबरतात. मग ती शिरस्त्राण काढते, सोनेरी केस मोकळे होतात, आणि सगळ्यांना कळतं की ही बाई आहे, आणि आपल्यापेक्षा तीच जास्त घाबरलेली आहे. युरोपात कित्येक चित्रकारांनी हा प्रसंग रंगवला.

सगळं जुळत होतं. म्हातारा, टोपली, तीन मुलं, मेंढ्या, चिलखत. फक्त दाढी जुळत नव्हती.

जुबेदाखाला कोपऱ्यातल्या दिवाणावर काळा चष्मा लावून, चित्राकडे पाठ करून बसल्या होत्या. लहानशा, गोऱ्या, हातात तसबीहची माळ. मी शेजारी बसले, तर माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाल्या, "तो पोरांना मारायला आलाय, बाय. इतकी वर्सं मला धूसर दिसायचा, म्हनून कळला नाय."

हमीदभाईंनी मला बाहेर गॅलरीत नेऊन सांगितलं की चित्र विकायचं ठरलंय. कॅफे सजवणारा एक माणूस आहे, सगळे त्याला अबू रामी म्हणतात, तो रविवारी न्यायला येणार. त्याला एका कॅफेच्या अरुंद भिंतीवर मुलं आणि मेंढ्या हव्या आहेत. उजवीकडचा भाग तो कापणार आहे.

"कापणार?"

"शिपाई त्यालाही नकोय, ताई. अम्मीलाही नकोय. सगळेच खूश."

मी त्यांना सांगितलं की हा शिपाई नसावा, दाढी नंतर कोणीतरी रंगवली असावी असा मला संशय आहे, मला एकदा नीट तपासू द्या. त्यांनी खांदे उडवले. बघायला काय, बघा. पण रंगाला हात लावायचा तर अम्मीला विचारावं लागेल. त्यांनी आत जाऊन विचारलं. खाला म्हणाल्या, नको, जाऊ दे त्याला.

बलद

दुसऱ्या दिवशी हमीदभाईंनी मला बलदला नेलं, कारण मला एक अतिनील प्रकाशाचा टॉर्च हवा होता. आमच्या धंद्यात हे पहिलं हत्यार. अंधारात तो चित्रावर मारला की जुनं वार्निश हिरवट चमकतं आणि त्याच्यावर नंतर लावलेला रंग काळा दिसतो. माझा टॉर्च कोल्हापुरात कपाटात.

बलद म्हणजे जेद्दाचं जुनं गाव. समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांनी बांधलेली चार-पाच मजली घरं आणि त्यांना लगडलेल्या कोरीव लाकडी गॅलऱ्या, कुठे हिरव्या, कुठे तपकिरी. आपल्याकडे कोकणात जांभा चिरतात तसा इथे प्रवाळ चिरत. जवळ जाऊन पाहिलं तर भिंतीत शंखशिंपल्यांचे ठसे दिसतात. बरीच घरं आता डागडुजीसाठी फळ्यांनी झाकलेली आहेत. एका घरावर कामगार जुन्या गॅलरीचा रंग खरवडत होते. मी इतका वेळ उभी राहिले की हमीदभाईंना परत मागे येऊन मला घेऊन जावं लागलं.

टॉर्च कुठे मिळाला, तर वाळवंटात तंबू ठोकायला जाणाऱ्यांच्या दुकानात. इथले लोक थंडीत कुटुंबासह वाळवंटात मुक्कामाला जातात, आणि विंचू याच प्रकाशात चमकतो, म्हणून प्रत्येक तंबूत असा टॉर्च लागतो. दुकानदार येमेनी. त्याने हमीदभाईंना अरबीत विचारलं, मावशी कुठल्या रानात चालल्या. हमीदभाईंनी सांगितलं, आमच्या बैठकीत. तो इतका हसला की त्याने बॅटऱ्या फुकट दिल्या.

मग आम्ही मुतब्बक खाल्ला. पातळ पारीत खिमा आणि अंडं भरून तव्यावर चौकोनी दुमडतात. गरम गरम, वरून लिंबू. खाताना हमीदभाई म्हणाले की त्यांचे वडील याच गल्लीत कापडाच्या दुकानात कामाला होते, इकामा, म्हणजे राहायचा परवाना, नवा करायला कफीलच्या, म्हणजे हमी घेणाऱ्या मालकाच्या, मागे फिरताना त्यांच्या चपला झिजायच्या. अम्मीने फार सोसलं, म्हणाले, म्हणून आता तिचा शब्द मोडायचा नाही असं मी ठरवलंय. मला त्यांचं म्हणणं पटत होतं, हीच अडचण होती.

त्याच दुपारी नीलूची सुट्टी झाल्यावर आम्ही अजीजियात गेलो. बैठकीच्या खिडक्यांना नसरीनने रजया लावल्या. खाला नमाज पढून आतल्या खोलीत पडल्या होत्या. नीलूने टॉर्च धरला.

झाडं, मेंढ्या, म्हातारा, मुलं, सगळं शेवाळलेल्या तळ्यासारखं हिरवट उजळलं. आणि शिपायाच्या डोक्याभोवती, हनुवटीवर, खांद्यांवर थेट कमरेपर्यंत शाई सांडल्यासारखा काळा डाग. डाव्या हाताजवळ, जिथे साध्या डोळ्यांना खडक दिसत होता, तिथे दुसरा डाग. अगदी नारळाएवढा गोल.

"ताई," नीलू कुजबुजली, "हे काय आहे?"

"केस," मी म्हणाले. "आणि तो गोळा म्हणजे हातात धरलेलं शिरस्त्राण."

हमीदभाईंनी टॉर्च घेऊन पुन्हा पुन्हा मारून पाहिला. पण त्यांनाही दिसला तो फक्त काळा डाग. खाली काय आहे हे टॉर्च सांगत नाही. तिथे केस असतील, किंवा उंदराने कुरतडलेलं भोक असेल आणि कोणी ते बुजवलं असेल. हे मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं. ते म्हणाले, अम्मी झोपलीय, उद्या जुम्मा, परवा तिच्याशी पुन्हा बोलतो.

अल हदाचा घाट

शुक्रवारी नीलूने मला ताइफच्या वाटेवर अल हदाच्या घाटात नेलं. माझं डोकं ताळ्यावर यावं म्हणून. जेद्दाच्या दमट हवेतून निघून दोनेक तासांत गाडी उघड्या, तांबूस डोंगरांवर वळणं घेत चढते आणि काच खाली केली तर वारा गार लागतो. आंबा घाट आठवला, पण झाडं सगळी काढून घेतलेला आंबा घाट. खाली दरीत रस्त्याचे वेढे दिसतात, आणि कठड्यावर माकडं. माकडं म्हणजे आपली लाल तोंडाची नव्हेत. मानेभोवती करडी आयाळ असलेली, कुत्र्यासारख्या तोंडाची, दांडगी. नीलूने गाडीतून उतरू नको म्हणून बजावलं होतं. मी फोटोसाठी उतरले. एक मोठा नर शांतपणे आला, माझ्या हातातली पिशवी माझ्याकडे न बघता काढून घेतली, आणि कठड्यावर बसून पोळ्यांची चवड उलगडू लागला. बटाट्याची भाजी त्याने हुंगून फेकली. कोल्हापुरी लसणाची चटणी मात्र तोंडात घातली आणि मग जे काही त्याचं झालं ते पाहून आम्ही दोघी पोट धरून हसलो. शेजारच्या गाडीतलं सौदी कुटुंबही हसत होतं. त्यांनी आम्हाला उपाशी पाहून त्यांच्या परातीतला कबसा केळीच्या पानाएवढ्या कागदावर वाढून दिला. नको म्हणायची सोयच नव्हती.

तो भात खात असतानाच हमीदभाईंचा फोन आला. अबू रामीला रविवारी रियाधला जायचंय, म्हणून तो आजच तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर येतोय. तुम्हाला सांगितलं नसतं तर बरं दिसलं नसतं, म्हणाले.

नीलूने माझ्या तोंडाकडे पाहिलं, कागद गुंडाळला आणि म्हणाली, "यल्ला, चल."

तो घाट आम्ही कसा उतरलो ते मी आईला अजून सांगितलेलं नाही. वाटेत औषधाच्या दुकानातून स्पिरिट, ॲसिटोन आणि कापसाचं मोठं बंडल घेतलं, हार्डवेअरच्या दुकानातून रंग पातळ करायचं तेल, आणि किराणा दुकानातून कबाबाच्या बांबूच्या काड्या.

पुन्हा अजीजिया

आम्ही पोचलो तेव्हा चित्र भिंतीवरून उतरवून जमिनीवर आडवं ठेवलेलं होतं. अबू रामी, ठेंगणासा, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतला, हातात मोजपट्टी आणि खडू. शिपायाच्या पुढे केलेल्या हाताच्या बरोबर आधी त्याने फ्रेमवर खडूची खूण केली होती. त्या खुणेकडे बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी अशी रडणारी बाई नाही.

मी हमीदभाईंकडे गेले नाही. खालांसमोर जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले.

"खाला," मी म्हणाले, "तुम्हाला तीन वर्षं धूसर दिसत होतं. माझ्या बहिणीने डोळ्यांवरचा पडदा काढला. या माणसाच्या तोंडावर पण तसाच पडदा आहे. मला एक तास द्या. खाली शिपाईच निघाला तर मी स्वतः कात्री आणून देते."

खालांच्या तसबीहचे मणी सरकत होते. मग त्यांनी काळा चष्मा काढून नीलूकडे पाहिलं. नीलू म्हणाली, ताईचा हात माझ्याहून हलका आहे.

"करू दे," खाला म्हणाल्या. "पन मी इथंच बसनार."

अबू रामीने घड्याळ पाहिलं, पण नसरीनने कहवा आणि खजूर पुढे ठेवले होते आणि पाहुण्याला ते टाळता येईना.

कोल्हापुरात माझ्या हाताखालच्या कोणी असं घाईत, दिवाणखान्यात, कबाबाच्या काड्यांनी काम केलं असतं तर मी त्यांना हाकलून दिलं असतं. पण खडूची खूण समोर होती. काडीला कापूस गुंडाळला, आणि आधी नुसत्या थुंकीने खांद्याजवळची धूळ काढली. मोठ्या संग्रहालयांतसुद्धा हेच करतात, थुंकीसारखं सौम्य काही नाही. खालांनी मान पुढे केली. "थुकी लावून पुसतेस? एवढा शिकून?"

मग स्पिरिटमध्ये तेल मिसळून मिश्रण केलं आणि काळ्या डागाच्या कडेला, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत, कापूस फिरवला. काही नाही. पुन्हा फिरवला. तपकिरी आला. पुन्हा नवा कापूस. तपकिरी, तपकिरी. वापरलेले बोळे टाकायच्या थाळीकडे पाहिलं तर वरचा बोळा गडद गुलाबी.

गुलाबी म्हणजे मूळ रंग. म्हणजे मी चित्रकाराचा खालचा थर विरघळवला होता. तीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं. काडी हातातून खाली ठेवली आणि नीलूकडे पाहिलं. मागून नसरीन संकोचून म्हणाली की तो बोळा तिचा आहे. नमाजआधी नखांचा रंग काढायचा होता, बाटलीवर ॲसिटोन लिहिलेलं पाहिलं, आणि वापरलेला कापूस कुठे टाकावा म्हणून माझ्या थाळीत ठेवला. तिची नखं स्वच्छ होती. मी तिला मिठी मारली. तिला कळेना की ही बाई रागावलीय की काय.

पुन्हा सुरुवात केली. वरचा रंग आणि मूळ चित्र यांच्यामध्ये जुन्या वार्निशचा थर होता, हे माझं नशीब. तो सुटू लागला तसा वरचा रंग खपलीसारखा निघू लागला. नखाएवढ्या जागेत एक बारीक, वळलेली, सोनेरी रेघ दिसली. तिच्या शेजारी दुसरी. मी श्वास घ्यायला विसरले असणार, कारण नीलूने पाठीवर चापट मारली.

केस. खांद्यावर सुटलेले केस, पोलादावर सांडलेले, आणि त्या पोलादात त्यांचं प्रतिबिंब. चित्रकाराने तेही सोडलं नव्हतं. मी हनुवटीवर आले. दाढी चार बोळ्यांत गेली. खाली मऊ, गोल हनुवटी, आणि ओठ किंचित उघडे, धापा टाकल्यासारखे. गालावरचा तो गुलाबी रंग कालच लावल्यासारखा.

अबू रामी कधी माझ्याशेजारी गुडघे टेकून बसला ते कळलं नाही. त्याने हळूच फ्रेमवरची खडूची खूण अंगठ्याने पुसली आणि हमीदभाईंना अरबीत काहीतरी सांगितलं. हमीदभाई म्हणाले, तो म्हणतो की आता हे कापणं पाप आहे, पण अख्खं दिलंत तर तो रांगेत पहिला.

हमीदभाईंनी आईकडे पाहिलं. खाला उठल्या, नीलूचा हात धरून चित्राजवळ आल्या, वाकल्या. बराच वेळ पाहत राहिल्या.

"पोरगी हाय ही," त्या म्हणाल्या. "ही तर घाबरलीय."

आणि हमीदभाईंना म्हणाल्या की त्या माणसाला जेवायला घाल आणि रिकाम्या हाताने परत पाठव.

पुढचे चार दिवस मी रोज सकाळी अजीजियात जायचे. फक्त डोकं, केस, खांदे आणि हातातलं शिरस्त्राण एवढंच साफ केलं. बाकीचं वार्निश तसंच ठेवलं, कारण ते काम नीट प्रयोगशाळेतच व्हायला हवं, आणि तसं मी हमीदभाईंना कागदावर लिहून दिलं. चित्र कोणाचं, हेही मला सांगता आलं नाही. चांगल्या हाताचं आहे, जुनं आहे, एवढंच. नीलूचे सहकारी म्हणायचे की इथेच कोणीतरी बाईचे उघडे केस झाकले असतील. तसं नाही. दाढीच्या रंगाला पडलेल्या भेगा जुन्या होत्या, चित्र या देशात येण्याच्या फार आधीच्या. का केलं, कोणी केलं, मला माहीत नाही.

खाला रोज शेजारी बसायच्या. तिसऱ्या दिवशी मी त्यांना राजकन्येची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग आपणहून सांगू लागल्या. बावीस वर्षांच्या असताना त्या गावातल्या हाजींबरोबर बोटीने जेद्दाला उतरल्या. नवरा धक्क्यावर येणार होता. आला नाही. तापाने इस्पितळात पडला होता, पण ते त्यांना कुठे ठाऊक. हाजी मक्केला निघून गेले. कोणीतरी त्यांना बलदमधल्या एका दारापर्यंत आणून सोडलं. आतून एक बाई आली. तिला मराठी येत नव्हतं, यांना अरबी येत नव्हतं.

"तिनं इचारलान नाय, तू कोन म्हनून," खाला म्हणाल्या. "आदी पानी दिलान. मंग माजे पाय धुवलान. तीन दिवस ठेवलान मला. तिचा नाव पन मला कळला नाय."

दाराबाहेर उभं राहून ऐकणाऱ्या नसरीनने नंतर सांगितलं की ही हकिगत घरात तिने वा हमीदभाईंनी कधी ऐकली नव्हती.

निघताना खालांनी मला ओल्या खजुरांचा डबा आणि उदाचं अत्तर दिलं. मी कोल्हापूरला परतले, गुडघे बरे झाले, एका सरदाराच्या मिशीवर पुन्हा कामाला लागले. परवा हमीदभाईंनी एक व्हिडिओ पाठवला. चित्र भिंतीवर परत लागलंय, पण बैठकीत नाही, खालांच्या खोलीत. पलंगाभोवती शेजारच्या सात-आठ बायका बसल्यात, कोकणातल्या, हैदराबादच्या, एक सुदानी. खाला हिंदी, कोकणी आणि अरबी मिसळून गोष्ट सांगतायत. मी सांगितली होती त्याहून ती बरीच लांबली आहे. राजकन्येचा घोडा आता बोट झालाय, वीराला ताप आलाय, आणि टोपली विणणाऱ्या म्हाताऱ्याला एक बायको मिळालीय, जी चित्रात नाही. ती बायको पाण्याचा लोटा घेऊन पुढे येते.

"फिर?" कोणीतरी विचारलं. "आगे क्या हुआ?"

खालांनी चष्मा वर सरकवला आणि चित्राकडे पाहिलं.

"आगे क्या," त्या म्हणाल्या. "ऱ्हायली."